सरकारी जाहिरातीसाठी बायोडाटा: काय लिहायचं, काय गाळायचं?

सांजवेळ
मंडळी, घरात सध्या दोन अर्जांची धांदल आहे आणि प्रत्येकजण वेगळंच सांगतोय, म्हणून इथे विचारतो.

धाकट्या बहिणीचं जीएनएम (परिचारिका पदविका) झालंय, दोन खासगी रुग्णालयांत काम केलंय. आता राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी परिचारिकांच्या जागा निघाल्यात. विहित नमुन्यात अर्ज, सोबत बायोडाटा, निवड गुणांकनावर. दुसरा अर्ज माझा. एम.एस्सी. रसायनशास्त्र, सेट (राज्य पात्रता परीक्षा), गेली तीन वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवतोय. एका अनुदानित महाविद्यालयाची पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाची जाहिरात आलीय.

नेट कॅफेवाल्याने बहिणीला निळ्या पट्ट्यांचा बायोडाटा करून दिलाय. बाजूला गोल काढून 'संवादकौशल्य ९० टक्के', 'टीमवर्क ८५ टक्के' असं भरलंय. दिसतो झकास. पण हे सरकारी टेबलावर चालतं का? किती पानी असावा, मराठीत की इंग्रजीत, फोटो लावायचा का, धर्म आणि वडिलांचा व्यवसाय घालायचा का, सगळ्यावर घरात मतभेद आहेत.

चहाबिस्कीट
टीमवर्क ८५ टक्के? उरलेल्या १५ टक्क्यांत ताई काय करतात?

बाकी त्या कॅफेवाल्याचा नमुना आमच्याकडेही फिरतोय. वर गणपती टाकला की थेट लग्नपत्रिका.

आवकजावक
जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत नोकरीची बरीच वर्षं गेली, आता निवृत्त आहे. छाननी कशी होते ते सांगतो, मग काय लिहायचं ते आपोआप कळेल.

अर्ज आले की आवक क्रमांक पडतो. मग एक्सेलमध्ये एक लांबच लांब तक्ता असतो. रकाने जाहिरातीतून घेतलेले: नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, अर्हता, अंतिम वर्षाचे एकूण गुण, मिळालेले गुण, परिषदेची नोंदणी, अतिरिक्त अर्हता, अनुभवाचे महिने, शेरा. समोर गठ्ठा, दोन कनिष्ठ सहायक, साहेबांना यादी परवा हवी. तो कर्मचारी तुमचा बायोडाटा वाचत नाही, त्यातून रकाना भरतो. रकान्यात घालण्याजोगी गोष्ट पटकन सापडली तर भरतो. सापडली पण मागे कागद नसेल तर शेऱ्यात 'प्रमाणपत्र जोडलेले नाही' असं पडतं, आणि त्या ओळीचे गुण गेले.

त्यामुळे 'रुग्णसेवेची आवड', 'कष्टाळू व प्रामाणिक' या ओळींचा तिथे काहीच उपयोग नाही. त्यांचा रकानाच नसतो. सांजवेळ, बहिणीचा अनुभव सध्या कसा लिहिलाय तो इथे टाका, बघू.

सांजवेळ
काका, जसाच्या तसा देतो: 'नामांकित खासगी रुग्णालयांत प्रसूती व अतिदक्षता विभागातील रुग्णसेवेचा दांडगा अनुभव.' बस, एवढंच.

आवकजावक
दांडगा म्हणजे किती महिने? रकान्यात आकडा लागतो. असं लिहा:

'परिचारिका, प्रसूती विभाग, (रुग्णालयाचं पूर्ण नाव, गाव), ३० खाटा. दि. ०१/०६/२०२१ ते ३१/०८/२०२३, पूर्णवेळ, २ वर्षे ३ महिने. जोडपत्र क्र. ७.'

तारखा आणि खाटा तुमच्या घाला, पण ओळीची घडण हीच ठेवा. बेरीज तुम्हीच करून द्या. शेवटचा 'जोडपत्र क्र.' सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक ओळीच्या टोकाला तो आकडा, तोच आकडा झेरॉक्सच्या उजव्या कोपऱ्यात पेनने, आणि वर एका पानाची अनुक्रमणिका. गठ्ठा उलगडून शोधायला लावलं नाही की टेबलावरचा माणूस दुवा देतो.

जोडपत्रांचा क्रम जाहिरातीतला ठेवा, तुमच्या सोयीचा नको. जाहिरातीत आधी वयाचा पुरावा, मग अर्हता, मग नोंदणी असेल तर तसाच. झेरॉक्सवर स्वतःची सही, म्हणजे स्वसाक्षांकन. २०१५ पासून राज्यात बहुतेक कामांना तेच चालतं, राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभं राहायची गरज उरलेली नाही. जाहिरातीत वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट निराळी.

हिरवाकोट
मी सात वर्षं कंत्राटी परिचारिका आहे, त्यामुळे एक भर घालते. अनुभव बहुतेक ठिकाणी अर्हता मिळाल्यानंतरचा आणि परिषदेकडे नोंदणी झाल्यानंतरचाच धरतात. निकाल लागून नोंदणी व्हायच्या आधी केलेली ड्यूटी मोजून दिली तरी टेबलावर ती वजा होते. म्हणून बायोडाट्यात महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख आणि नूतनीकरण कधीपर्यंत आहे हे तिन्ही एकाच ओळीत टाका. नूतनीकरण संपलेलं असेल तर आधी ते करून घ्या. अर्ज सुंदर आणि नोंदणी मुदतबाह्य, अशा मुली दरवेळी यादीत 'अपात्र' दिसतात.

आणि ताईचं लग्न झालंय का? दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, नोंदणीवर सासरचं, आधारवर तिसरंच, असं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत जोडा. बायोडाट्यात नावाखाली एक ओळ: 'विवाहापूर्वीचे नाव अमुक, जोडपत्र क्र. ३.' नाहीतर एकाच बाईच्या दोन बायका होतात.

सांजवेळ
लग्न झालंय आणि नावाचा घोळ अगदी हाच आहे! राजपत्र नाही, विवाह नोंदणी आहे. ती जोडतो.

पेठेतला_टॉवेल
इथे सगळे बायोडाटा बायोडाटा करताहेत म्हणून विचारतो, बहुतेक सरकारी भरतीत तो मागतात कुठे? मी सरळसेवेची तयारी करतोय. तलाठी, जिल्हा परिषद, सगळीकडे ऑनलाइन फॉर्म आणि संगणकावर परीक्षा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते, कोण वाचणार बायोडाटे? केंद्रानेही १ जानेवारी २०१६ पासून गट ब अराजपत्रित, क आणि ड ला मुलाखतच काढून टाकलीय. मग उगाच पोरांनी कॅफेत पैसे का घालवायचे?

आवकजावक
बरोबर आहे, आणि हे स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. परीक्षेच्या भरतीत बायोडाट्याला किंमत शून्य. तिथे ऑनलाइन फॉर्म हाच तुमचा बायोडाटा, आणि तो कॅफेवाल्याला भरायला देऊ नये. दावा केलेला प्रवर्ग, समांतर आरक्षण (महिला, खेळाडू वगैरे), टायपिंगची गती, सगळं फॉर्ममध्ये जसं टिक केलंय तसंच कागदपत्र पडताळणीला धरतात. खेळाडूच्या खुणेवर टिक केली आणि क्रीडा प्रमाणपत्राची विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी झालेलीच नाही, तर ते पाच टक्क्यांतलं आरक्षण तुमच्या हाती लागत नाही.

बायोडाटा मागतात ते कंत्राटी पदांना, थेट मुलाखतींना, महाविद्यालयं-विद्यापीठांना, प्रकल्पावरच्या नेमणुकांना आणि प्रतिनियुक्तीला.

पेठेतला_टॉवेल
लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट लागतं. आमच्या अभ्यासिकेत एकाने मराठी ३० चं प्रमाणपत्र असताना फॉर्ममध्ये ४० वर टिक केलं होतं, 'जास्त असलं तर बरं' म्हणून. मेरिटमध्ये आला. पडताळणीच्या टेबलावर अर्धा तास नुसता घाम पुसत होता.

चहाबिस्कीट
मग पुढे काय झालं त्याचं?

पेठेतला_टॉवेल
प्रकरण 'मार्गदर्शनास्तव' वर गेलं. अजून वरच आहे.

घड्याळी_तास
सांजवेळ, तुमच्या अर्जाबद्दल लिहितो. मीही याच रांगेतून गेलोय.

सहायक प्राध्यापकाचा बायोडाटा करायला बसण्याआधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमातला तक्ता समोर ठेवा. महाविद्यालयांसाठीचा आणि विद्यापीठांसाठीचा वेगळा आहे. महाविद्यालयांच्या तक्त्यात शैक्षणिक पात्रतेला ८४, संशोधनाला ६ आणि अध्यापन अनुभवाला १०. पदवीला ८० टक्क्यांवर २१ गुण, ६० ते ८० मध्ये १९. पदव्युत्तरला २५ आणि २३. पीएच.डी. २५. जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) असेल तर १०, नुसती नेट ८, सेट ५. हा तक्ता मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवण्यासाठी आहे. राज्यात अंतिम निवडीच्या गुणांकनावर अलीकडे बरेच बदल झालेत, त्यामुळे तुमच्या जाहिरातीचं परिशिष्ट बघा, मित्राच्या जुन्या जाहिरातीचं नको.

आता यातून काय निघतं? संशोधनलेखाला प्रत्येकी २ गुण आणि कमाल ६. म्हणजे मुलाखतीच्या यादीपुरते तीन लेख पुरले. तरी लोक चौदा-चौदा लेखांची यादी देतात, त्यातले नऊ कुठल्यातरी परिषदेच्या स्मरणिकेतले, आणि समितीला खरे तीन शोधावे लागतात. तुम्ही समीक्षित किंवा (२०२५ मध्ये बंद झालेल्या) यूजीसी यादीतल्या नियतकालिकांतले लेख वर घ्या: नियतकालिकाचं नाव, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक), खंड, वर्ष, पृष्ठं, तुम्ही कितवे लेखक. स्मरणिका आणि 'सहभाग प्रमाणपत्रं' शेवटच्या पानावर एका ओळीत उरकली तरी चालतील. कार्यशाळांची जंत्री बघून कोणी गुण देत नाही.

अनुभवाला वर्षाला २, कमाल १०. वर्ष पुरं नसेल तर प्रमाणात कमी. आणि इथेच आपली तासिकावाल्यांची खरी अडचण आहे.

सांजवेळ
तेच विचारणार होतो. तीन वर्षं 'सहायक प्राध्यापक' लिहू का 'सहायक प्राध्यापक, तासिका तत्त्वावर'? सहकारी म्हणतात तासिका शब्द गाळ, वाईट दिसतो.

घड्याळी_तास
गाळू नका. अनुभवपत्रावर 'तासिका तत्त्वावर' लिहिलेलंच असतं. बायोडाट्यात नाही आणि पत्रावर आहे असं झालं की समितीतला एखादा मुलाखतीत तेवढंच धरून बसतो. विषय, वर्ग, आठवड्याचे तास, शैक्षणिक वर्ष आणि विद्यापीठाच्या मान्यतेच्या पत्राचा क्रमांक-दिनांक द्या. ज्या वर्षाची मान्यता नाही ते वर्ष मोजणीत धरून बेरीज फुगवू नका.

आणि हाच अनुभव सगळीकडे सारखा चालत नाही. एमपीएससीच्या सूचना वाचा. तासिका, अंशकालीन, विद्यावेतन, विनावेतन तत्त्वावरची सेवा, प्रभारी म्हणून आणि अतिरिक्त कार्यभाराचा काळ, हे अनुभव म्हणून तिथे धरत नाहीत. तुमची तीन वर्षं महाविद्यालयाच्या तक्त्यात कदाचित ६ गुण देतील आणि आयोगाच्या अनुभव मागणाऱ्या पदाला शून्य. म्हणून एकच बायोडाटा सगळीकडे पाठवायचा हा प्रकार बंद करा.

हिरवाकोट
+१. जाहिरात बदलली की पहिलं पान बदलायचं.

दफ्तर२२
अनुभवपत्राबद्दल कोणी नीट लिहीत नाही. खासगी ठिकाणी मिळतं ते असं: 'सदर व्यक्तीने आमच्याकडे काम केले असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. त्यांना भावी आयुष्यास शुभेच्छा.' शुभेच्छांचा रकाना नाही हो तक्त्यात!

लेटरहेडवर जावक क्रमांक आणि दिनांक हवा. पदनाम, कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, वेतन, कामाचं स्वरूप, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, शिक्का. मालक लिहून देत नसेल तर मसुदा आपणच टाइप करून न्यावा, सहसा सही करतात. आणि 'आजपर्यंत कार्यरत' असं पत्र सहा महिने जुनं असेल तर अनुभव त्या पत्राच्या तारखेपर्यंतच मोजतात. नवं घ्या.

अर्हताही अर्जाच्या अंतिम तारखेला पूर्ण हवी. 'निकाल अपेक्षित' लिहून सहानुभूती मिळत नाही.

सांजवेळ
मराठी की इंग्रजी, आणि ते फोटो-धर्म प्रकरण राहिलं.

आवकजावक
जाहिरात मराठीत तर बायोडाटा मराठीत. पदव्यांची आणि नियतकालिकांची नावं प्रमाणपत्रावर आहेत तशीच. महाविद्यालयाला इंग्रजी चालतं, विषयतज्ज्ञ बाहेरून आलेले असतात.

फोटो अर्जावर चिकटवलेला असतोच, बायोडाट्यावर दुसरा नको. धर्म, वडिलांचा व्यवसाय, उंची, रक्तगट गाळा. पोलिसात जायचं असेल तर उंची ते मोजतीलच. प्रवर्ग मात्र लिहा, अर्जात जो दावा केलाय तोच, आणि पुढे प्रमाणपत्राचा क्रमांक. जात प्रमाणपत्र वेगळं, जात वैधता वेगळी, नॉन-क्रिमीलेअर त्याहून वेगळं. अनुसूचित जाती-जमातींना नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना लागतं, आणि त्यावर ते कधीपर्यंत वैध ते छापलेलं असतं. त्या तारखेकडे लोक बघतच नाहीत. विवाहितेचं जात आणि नॉन-क्रिमीलेअर वडिलांकडच्या कागदांवर निघतं, सासरच्या नाही.

'वैवाहिक स्थिती' हा रकाना नियमित नेमणुकीत कामाचा असतो, कारण लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन द्यावं लागतं. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनहून जास्त झाली तर माणूस अपात्र. ते विहित नमुन्यात द्यायचं, बायोडाट्यात मुलांची नावं लिहायची नाहीत. लिहितात लोक, शाळेसकट.

पेठेतला_टॉवेल
बायोडाटा खरा वाचला जातो ते ठिकाण सांगू? राज्यसेवेची मुलाखत. नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षा १,७५० आणि मुलाखत २७५. पॅनेलसमोर तुमची माहिती असते: जिल्हा, पदवी, आधीची नोकरी, छंद. छंदाच्या रकान्यात जे लिहाल त्यावरूनच सुरुवात होऊ शकते.

सरावाच्या मुलाखतीत एका मित्राला 'गडभ्रमंती'वरून सोलला. आधी भुईकोट आणि जलदुर्ग यांतला फरक, मग नळदुर्ग कुठल्या प्रकारातला. मग २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातले जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा कोणता. जिंजी म्हणाला. राज्य? तमिळनाडू. एवढ्यावर थांबले नाहीत, 'तिथे गेलायत का?' नाही गेला. मग यादीतल्या कुठल्या गडावर गेलायत, तर रायगड, तोही रोपवेने. हशा पिकला. खऱ्या मुलाखतीआधी त्याने राजगड आणि साल्हेर पायी केले.

व्हर्जिनियातून
गंमत वाटली म्हणून लिहिते. इथे अमेरिकेत संघराज्य सरकारच्या नोकऱ्यांना बायोडाटा हाच अर्ज असतो, आणि तो अगदी उलट्या कारणाने बदनाम होता: चार-पाच पानं सर्रास. सप्टेंबर २०२५ पासून कमाल दोन पानं केलीयत. प्रत्येक नोकरीचा महिना-वर्ष आणि आठवड्याचे तास लिहावेच लागतात, सरकारी पद असेल तर मालिका (कामाचा प्रकार) आणि ग्रेडही (वेतनश्रेणी). फोटो लावायचा नसतो. बहुतेक पदांना नागरिकत्व लागतं, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना ते मिळालंय त्यांच्याच कामाची ही माहिती. आवकजावककाकांची 'जाहिरातीचेच शब्द वापरा' ही युक्ती मात्र इथेही तंतोतंत चालते.

आवकजावक
ती युक्ती मी अजून सांगितलीच नव्हती, पण सांगणार होतो! जाहिरातीत 'लसीकरण सत्रांचे नियोजन' असेल आणि बहिणीने ते केलं असेल तर तेच शब्द लिहा. 'इम्युनायझेशन ॲक्टिव्हिटी हँडल केली' लिहिलंत तर नवीन लागलेला मुलगा दोन्ही एकच आहेत हे ओळखेलच असं नाही.

दफ्तर२२
एक जड विषय आहे, पण टाळू नये. कुणावर गुन्हा दाखल झालेला असेल, अगदी आंदोलनातला, तर बायोडाट्यात तो कोणी लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. पण निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीसाठी जो साक्षांकन नमुना भरून घेतात त्यात थेट प्रश्न असतो: अटक, खटला, दोषसिद्धी. तिथे लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सांगितलंय की माहिती खरी आणि पूर्ण असली पाहिजे. क्षुल्लक प्रकरण असेल तर नियुक्ती अधिकारी दुर्लक्ष करू शकतात, तसा विवेक त्यांच्याकडे आहे. पण प्रलंबित खटले जाणूनबुजून लपवले तर तेच नोकरी जायला कारण ठरू शकतं.

चहाबिस्कीट
आणि 'सेटिंग'वाल्यांचं काय? आमच्या तालुक्यात एकजण 'शासनमान्य बायोडाटा' करून देतो, वर म्हणतो साहेब ओळखीचे आहेत.

आवकजावक
शासनमान्य बायोडाटा नावाची वस्तू नाही. असतो तो विहित नमुना, आणि तो जाहिरातीच्या शेवटी फुकट मिळतो.

सांजवेळ
बहिणीचं नवं पहिलं पान तयार केलं. दोन पानांत बसलं, गोल उडवले, जोडपत्रं अकरा. एकच गाठ उरलीय. तिचं पहिलं रुग्णालय कोविडनंतर बंद पडलं. डॉक्टर परगावी गेले. अनुभवपत्र घेतलेलं नाही. चौदा महिने तसेच सोडायचे?

हिरवाकोट
पीएफ कापायचे का? कापत असतील तर यूएएनवर (पीएफच्या खाते क्रमांकावर) लॉगिन करून सेवा-इतिहास काढा. त्यात आस्थापनेचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख येते. सोबत नेमणूकपत्र आणि पगार जमा झाल्याचं बँक विवरण. पीएफ नसेल तर डॉक्टरांचा नंबर शोधा. त्यांची वैद्यक परिषदेची नोंदणी आहेच, स्वतःच्या लेटरहेडवर ते सही करून देऊ शकतील.

आवकजावक
आणि हे कागद अनुभव म्हणून धरतील का, ते अंतिम तारखेच्या आत कार्यालयात विचारून घ्या. यादी लागल्यावर हरकत घेता येते, पण हरकतीसोबत नवा कागद सहसा घेत नाहीत, अर्जात होता तोच पुन्हा बघतात. जाहिरातीखाली दूरध्वनी क्रमांक असतो. अकरानंतर लावा. दीड ते अडीच लावू नका, कोणी उचलणार नाही.